स्कॉटिश पूर्वजांचा माग
स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 रोजी सुरू झाली, आणि त्या पहिल्या वर्षीच्या जन्मनोंदीत आईवडिलांचे वय, जन्मस्थळ, आधीची अपत्ये असा इतका तपशील भरावा लागे की तो भार पेलवेना व पुढच्याच वर्षी रकाने कमी करण्यात आले. ज्याच्या पूर्वजाची नोंद नेमकी 1855 ची, तो वंशशोधक भाग्यवानच म्हणायचा. त्याआधीचा मुख्य आधार म्हणजे पॅरिशच्या, अर्थात एका चर्चच्या कक्षेतील वस्तीच्या, नोंदवह्या. परंतु त्या सलग नाहीत, कारण 1783 ते 1794 या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर असल्याने अनेकांनी ती टाळली, तर स्कॉटलंडच्या चर्चमध्ये 1843 साली पडलेल्या फुटीनंतर वेगळ्या झालेल्या फ्री चर्चमध्ये गेलेल्या कुटुंबांची नावे मूळ वहीत बहुधा उतरलीच नाहीत. अशा वेळी कर्क सेशनची, म्हणजे सदाचरणावर देखरेख करणाऱ्या स्थानिक चर्चमंडळाची, इतिवृत्ते कामी येतात. विवाहबाह्य अपत्याच्या पित्याचे जे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत नसते, ते तेथील खोदून केलेल्या चौकशीत पुष्कळदा सापडते. थोरल्या मुलाला पितामहाचे आणि दुसऱ्याला मातामहाचे नाव ठेवण्याची रूढीही दिशा दाखवते, मात्र ती सर्वत्र पाळली जात नसल्याने तिला पुराव्याचे मोल देता येत नाही.