नैराश्याच्या गोळ्या आणि नवरा-बायकोतली जवळीक

आजचा विषय जरा आवाज कमी करून ऐकावा असा आहे. घरात पाहुणे असतील, पोरं अभ्यासाला बसली असतील, तर रेडिओ घेऊन परसात जा. पण ऐका, कारण हे बोललं जात नाही म्हणून बायका आपल्या मनानं गोळ्या बंद करतात आणि पुन्हा आजारी पडतात.

मागच्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडं आली. नाव-गाव सांगत नाही. वय चौतीस, दोन लेकरं, बचत गटाची हिशेबाची वही तीच लिहायची. त्याच्या आदल्या वर्षी तिला नैराश्य आलं होतं. झोप नाही, जेवण नाही, चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत ही समोर बसून राहायची. जगणंच नकोसं झालं होतं. बाहेरचं झालंय म्हणून आधी अंगारे-धुपारे झाले. शेवटी नवराच तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. तिथं सरट्रालिनची गोळी सुरू झाली. तीन-चार आठवड्यांनी फरक दिसायला लागला आणि दोन महिन्यांत ती पुन्हा वही लिहायला लागली.

मग माझ्याकडं का आली? खाली बघत म्हणाली, "ताई, मी बरी झाले, पण हे जवळ आले की मला काहीच वाटत नाही. अंग लाकडासारखं पडून राहतं. हे म्हणतात, तुझं मन दुसरीकडं आहे का? म्हणून मी गोळ्या सोडल्या." कुणाला न सांगता ती रोजची गोळी राखेत टाकायची. दोन-तीन दिवसांतच चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू झाले. ते कसंबसं निभावलं, पण दीड महिन्यानं जुनं दुखणं परत आलं.

आता हे होतं कशामुळं ते सांगते. आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम, सरट्रालिन या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात आणि त्यातून हळूहळू मन सावरतं. पण तेच रसायन शरीरसुखाच्या बाबतीत लगाम ओढतं. इच्छा कमी होते, योनीमार्गात ओलावा येत नाही, स्पर्श बोथट लागतो आणि सुखाचा शेवटचा क्षण उशिरा येतो किंवा येतच नाही. पुरुषांचंही असंच होतं. ज्या पुरुषांचं फार लवकर आटोपतं, त्यांना डॉक्टर कधी कधी याच जातीची गोळी देतात. यावरून ओळखा, हा गोळीचा गुण आहे, बाईच्या चालीचा नाही. आणि हे दोघी-चौघींनाच होतं असंही नाही, बऱ्याच जणांना होतं. डॉक्टरांना ते माहीत असतं. आपण सांगत नाही आणि रांग मोठी असली की तेही विचारत नाहीत.

पण सगळं गोळीच्याच माथी मारू नका. नैराश्य स्वतःच इच्छा मारून टाकतं. म्हणून आठवून बघा, हे गोळीच्या आधीपासून होतं की गोळी सुरू झाल्यावर आलं? डॉक्टरांना हे सांगितलं की त्यांना पुष्कळ उलगडतं. साखर, थायरॉईड, अंगात रक्त कमी असणं, पाळी जाण्याचे दिवस, रक्तदाबाची एखादी गोळी, यांनीही असं होतं. आणि दिवसभर खुरपून, पाणी भरून, दहा माणसांच्या भाकरी थापून रात्री अंगात काही उरत नसेल, तर त्याला कुठली गोळी कारण असणार?

डॉक्टरांपुढं तोंड कसं उघडायचं, हा खरा प्रश्न. एवढंच म्हणा, "डॉक्टर, या गोळीनं मन बरं आहे, पण नवरा-बायकोच्या संबंधात अडचण आलीय." पुढचं ते विचारतील. बाहेर लोक ऐकतात असं वाटलं तर चिठ्ठीवर लिहून द्या. पुरुष डॉक्टर असले तर नर्सबाईंना सांगा, त्या आत सांगतील.

डॉक्टरांकडं वाटा बऱ्याच असतात. काहींचा त्रास थोड्या आठवड्यांत आपोआप कमी होतो, म्हणून ते थांबायला सांगतील. डोस थोडा उतरवता येतो. गोळी बदलताही येते. मिर्टाझापिन किंवा ब्युप्रोपिऑन या गोळ्यांनी हा त्रास सहसा कमी होतो. पण मिर्टाझापिननं झोप येते आणि वजन वाढतं, आणि ज्यांना फिट येतात त्यांना ब्युप्रोपिऑन देत नाहीत. म्हणून शेजारणीच्या चिठ्ठीवर गोळी आणू नका. आणि बरं वाटलं म्हणून उपचार लगेच थांबत नाहीत. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात, कधी त्याहून जास्त. बंद करायची वेळ आली की तीही डॉक्टर हळूहळू उतरवतात. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल, तरी घाबरून एकदम सोडू नका, आधी विचारा.

घरी काय करायचं? कोरडेपणानं दुखत असेल तर औषधाच्या दुकानात पाण्यासारखं जेल मिळतं, ते वापरा. खोबरेल तेल वापरणाऱ्या बायका आहेत, पण निरोध वापरत असाल तर तेल लावू नका, त्यानं निरोध फाटतो. घाई करू नका, गोळी चालू असताना शरीराला वेळ जास्त लागतो. रात्री अंग मोडून आलेलं असेल तर पहाटेची वेळ बघा. आणि प्रत्येक वेळी शेवटपर्यंत जायलाच हवं असं कुणी सांगितलं? पाठीवरून हात फिरवणं, शेजारी पडून बोलत राहणं, हीसुद्धा जवळीकच आहे. माझं मत विचाराल तर आपल्याकडं पुष्कळ जोडप्यांना एवढंही मिळत नाही, गोळी असो नसो.

नवऱ्याला सांगायचं तर बिछान्यावर, त्याच घडीला सांगू नका. तेव्हा नकार तेवढा ऐकू येतो. शेतावर जाता-येता, चहा घेताना सांगा. "अहो, मला तुमचा कंटाळा आलेला नाही. गोळीनं अंग सुन्न पडतंय. डॉक्टरांकडं तुम्हीही चला." नवरा समजून घेणारा असेल तर एवढं पुरतं. पण तो बळजबरी करत असेल, मारत असेल, तर हा गोळीचा प्रश्न उरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळही येतो. अशा वेळी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं जाता येतं. गोळी नवऱ्याला चालू असेल आणि तो जवळ येत नसेल, तर तुम्हीही लगेच संशय घेऊ नका.

त्या बाईचं पुढं काय झालं, ते तुम्ही विचारणारच. आम्ही तिच्या नवऱ्याला बोलावलं. डॉक्टरांनी त्याच्यासमोर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मला वाटलं, हिला मी नकोसा झालो." तिची गोळी पुन्हा सुरू झाली. मन स्थिर झाल्यावर डॉक्टरांनी ती बदलून दिली. सगळं पूर्वीसारखं झालंय असं ती म्हणत नाही. पण आता रात्री गोळीची आठवण तोच करतो, आणि गोळी राखेत जात नाही.

दवाखाना लांब असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला फोन करा. नंबर आहे १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच करा, आणि घरातल्या एकाला तरी सांगा. नंबर पुन्हा सांगते, लिहून घ्या. एक, चार, चार, एक, सहा.