काकांची एस्टेट : काय ठेवायचं, काय बदलायचं

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२४ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय की, नोकरीत काय केलंस ते सांगू नकोस, ते सगळ्यांनी थोड्याफार फरकानं सारखंच केलंय. रविवारी काय करतोस ते सांग. २०२१ च्या दिवाळीपासून पुढचे सोळा महिने माझे रविवार एका गाडीखाली गेले, म्हणून गाडीबद्दलच बोलतो. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी घाबरू नये. यातलं निम्मं आपलं दहावीचं विज्ञानच आहे.

गाडी म्हणजे टाटा एस्टेट. पुढून पाहिली तर मोटार, मागे मात्र लांबच लांब, आणि डिकीऐवजी वर उचलायचं मोठं दार. अशा गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप काढला. त्याच्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा आली आणि १९९२ मध्ये एस्टेट. आपल्या वर्गातल्या तिघांचे वडील त्या कारखान्यात होते, त्यांना हे मी सांगायला नको. इंजिन चार सिलिंडरचं, डिझेलचं. सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर, पिस्टनची धाव ९०. गुणाकार करून बघा, १९४८ घनसेंटीमीटर येतात.

ही गाडी माझ्या थोरल्या काकांची. काका रत्नागिरीला डॉक्टर होते. १९९३ च्या मार्चमध्ये त्यांनी ती घेतली, ती हौस म्हणून नव्हे. मागची सीट दुमडली की एक माणूस सरळ आडवा झोपू शकतो, म्हणून. रात्रीबेरात्री आंबा घाटातून कोल्हापूरला किती पेशंट या गाडीतून गेले याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पण त्या गल्लीत अजूनही लोक तिला ‘डॉक्टरांची गाडी’च म्हणतात.

काका २०१९ साली गेले. गाडी अंगणात आंब्याखाली उभी राहिली. दोन वर्षांनी काकू मला म्हणाली, “भंगारात घाल नाहीतर चालू कर. पण अशी उभी ठेवू नकोस. रोज सकाळी दार उघडलं की ती दिसते.” काकूचं वय तेव्हा ऐंशी. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे आमच्या छोट्या गाडीत तिला बसताच येत नाही. तिनं बाहेर जाणंच सोडून दिलं होतं.

मुदतही ठरलेलीच होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २००८, २०१३, २०१८ अशी तीन नूतनीकरणं काकांनी स्वतः केली होती. पुढची तारीख मार्च २०२३. तोवर गाडी तपासणीला उभी राहिली पाहिजे, नाहीतर भंगार.

टेम्पोवर घालून ती पुण्याला आणली. घराशेजारी बारा बाय बावीस फुटांची पत्र्याची शेड आहे, तिथं लावली. पहिले दोन रविवार मी काहीही खोललं नाही. फक्त एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि एक वही. पत्र्याला टोचायचं आणि लिहायचं. रंगाचा फुगा दिसतो रुपयाएवढा, आत गंज असतो ताटलीएवढा. मागच्या चाकांच्या कमानी, दारांखालचे उंबरे, मागच्या दाराची खालची कड आणि पायाखालचा तळ, इतक्या ठिकाणी टोक आरपार गेलं. कारण साधं होतं. समुद्राची खारी हवा तर होतीच, शिवाय पाणी निघून जावं म्हणून दारांना आणि उंबऱ्यांना खाली जी बारीक भोकं असतात, ती आंब्याच्या पानांच्या चुऱ्यानं बुजली होती. तीस पावसाळ्यांचं पाणी आतच मुरलं. घरी जाऊन आपापल्या गाडीची भोकं काडीनं मोकळी करा. आजच्या भाषणातून एवढंच नेलंत तरी पुरे.

गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग मारला तर गाडी दोन महिन्यांत छान दिसते आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा सडते. म्हणून चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि तेवढंच ठिगळ घालायचं. आपल्यातल्याच एकाचं भोसरीत पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप आहे. त्यानं पत्रा दिला, वेल्डिंगचं मशीन दिलं आणि शिकवलंही. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग ओढलं तर तो उष्णतेनं पापडासारखा वाकतो. म्हणून एक ठिपका इथं, दुसरा हातभर लांब, तिसरा पुन्हा मध्ये. तोवर पहिला निवतो. अर्थात त्याआधी डिझेलची टाकी उतरवायची, बॅटरी काढायची, अल्टरनेटरच्या वायरी सोडवायच्या. ठिगळं एकूण एकोणीस झाली. पण ती बसवण्याआधी कडा जुळवाव्या लागतात, आणि तिथं आपल्या टेक्निकलच्या तासाची कानस उपयोगी आली. आठवतंय ना, सर एक लोखंडी तुकडा देऊन सांगायचे, गुण्या लावून उजेडाकडे धरा, फट दिसली तर पुन्हा घासा. एक तुकडा घासण्यात अख्खं सत्र जायचं. सर आज समोर बसले आहेत. सर, मी एकोणीस ठिगळं उजेडाकडे धरली.

इंजिननं फार त्रास दिला नाही. १९९४ मध्ये आलेल्या सुमोलाही हेच इंजिन होतं, त्यामुळे सुटे भाग बाजारात मिळतात. पंप आणि नोझल काढून डिझेल पंपवाल्याकडून तपासून, बसवून घेतले. हीटर प्लग, सगळे रबरी पाइप आणि पट्टे नवे घातले. ब्रेकमध्ये मात्र काहीही जुनं ठेवलं नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. होझ, चाकांतले सिलिंडर, पॅड, लायनर सगळं नवं.

मिळत नव्हतं ते शरीराचं सामान. मागचा दिवा, काचेचं रबर, दाराचा हँडल. त्यासाठी जुन्या बाजारात आणि भंगारच्या गोदामांत सहा महिने हिंडलो. एका रविवारी डाव्या बाजूचा दिवा मिळाला आणि मी घरी पेढे नेले. बायको म्हणाली, “नातवाच्या वेळीसुद्धा इतका खूश नव्हतास.”

आता मुख्य मुद्दा. जुनी गाडी खोलली की दर रविवारी एक प्रश्न पडतो : हे होतं तसं ठेवायचं की बदलायचं? मित्रांचे सल्ले पुष्कळ होते. टर्बो बसव, रुंद टायर घाल, काळा रंग मार. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणाले, एक स्क्रूसुद्धा बदलू नकोस, मूळ गाडीलाच किंमत असते. मी वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहिल्या. पहिली : बदल असा हवा की पान्यानं काढला तर गाडी पुन्हा होती तशी व्हावी. दुसरी : आत बसणाऱ्याला उपयोग नसेल तर बदल नको. इंजिन, चॅसिस आणि पांढरा रंग या दोन ओळींमुळे वाचले. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही.

मग बदललं काय? पहिले, पुढचे दिवे. जुन्या गाडीत दिव्याची सगळी वीज डॅशबोर्डच्या बटणातून फिरून येते. वायर लांब, बारीक, तीस वर्षांची. बॅटरीवर १३.६ व्होल्ट आणि दिव्यापाशी १०.९. ओहमचा नियम दहावीत पाठ केला होता, तो इथं डोळ्यांना दिसला, कारण हॅलोजनचा व्होल्टेज एवढा पडला की उजेड निम्म्यावर येतो. वीज मंडळातून निवृत्त झालेली आपली वर्गमैत्रीण दोन रविवार येऊन बसली. तिनं कागदावर आकृती काढली, रिले आणि फ्यूज घातले, जाड वायर थेट बॅटरीपासून ओढली. बटणातून आता फक्त रिलेपुरती वीज जाते. दिव्यापाशी १३.२ व्होल्ट आले. बल्ब तेच, जुनेच. समोरच्याच्या डोळ्यांवर येणारे पांढरे दिवे लावायची गरजच उरली नाही.

दुसरं, मागचं दार. ते उचलून धरणारे गॅसचे दांडे मेले होते. दार उघडून आत वाकलं की ते पाठीत बसायचं. मूळ दांडे मिळेनात, मग तरफेचा नियम. दार वजनकाट्याला टांगलं : २४ किलो. आडवं उघडल्यावर त्याचा तोल बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर. गुणाकार १०८०. दांड्यांचा जोर बिजागरीपासून १२ सेंटिमीटरवर लागतो. भागाकार ९०. दांडे दोन, म्हणून प्रत्येकी ४५ किलो, म्हणजे सुमारे ४५० न्यूटन. दांड्यावर न्यूटन छापलेलेच असतात. थोडं जास्त हवं म्हणून ५०० चे घेतले. आता दार एका हातानं उचलतं आणि वर थांबतं.

तिसरं, काकूसाठी. सीटच्या रुळांना हात लावला नाही. वर दोन इंच घट्ट फोमची गादी टाकली, दाराच्या वरच्या कडेला धरायला भक्कम दांडी बसवली आणि चढताना खाली ठेवायला लाकडी पाट केला. सीटचे पट्टे विरले होते, ते मूळ बोल्टांच्याच जागी नवे घातले. मागे व्हीलचेअर आडवी राहते, तिला बांधायला दोन कड्या. एवढंच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडी चालवत रत्नागिरीला नेली. कुणी जुनी गाडी तपासणीला नेणार असेल तर एक सांगतो. चॅसिस नंबरावर गंज असला तरी पॉलिश पेपर मारू नका, आकडे पुसट झाले तर शंका येते. रॉकेल आणि मऊ ब्रश, बस. धुराची तपासणी झाली. या वयाच्या डिझेल गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची, आमची ४८ आली. अधिकाऱ्यांनी दिवे, हॉर्न, ब्रेक, नंबर सगळं बघितलं. पाच हजार फी आणि पर्यावरण कर भरला. पुढची तारीख मार्च २०२८.

एकूण खर्च सुमारे दोन लाख सत्तर हजार. विकायची म्हटली तर तेवढे येणार नाहीत. हिशेबाच्या सरांना हे पटणार नाही, त्यांची माफी मागतो. पण मे महिन्यात काकूचं डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं. पाटावर पाय ठेवला, दांडी धरली आणि कुणाचा हात न धरता ती पुढच्या सीटवर बसली. आंबा घाटात ती मला सांगत होती की कोणत्या वळणावर काका हमखास थांबायचे आणि मागे वळून पेशंटची नाडी बघायचे. आता दर महिन्याला ती कुठेतरी जायचं काढते. गाडी आणि ड्रायव्हर दोघेही तिचेच.

शेवटी एक विनंती. आपल्या वेळी मुलांना टेक्निकल आणि मुलींना शिवण असा सरळ हिशेब होता. दिव्यांची आकृती काढणाऱ्या आपल्या मैत्रिणीला शाळेत असताना त्या वर्कशॉपचा उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. ते वर्कशॉप आज कुलूपबंद आहे. काल मी खिडकीतून पाहिलं, व्हाइस जागेवर आहेत, कानशी भिंतीवर टांगलेल्या आहेत, गंज वरवरचा आहे. तो काढायला चार रविवार लागतील. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली तर मी येतो, भोसरीचा मित्र येतो आणि मैत्रिणीनंही होकार दिलाय. आठवी-नववीच्या मुलामुलींना महिन्यातून दोन रविवार कानस, करवत आणि सोल्डरिंग शिकवू. ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याकडच्या वहीत नाव लिहावं. वही तीच आहे, गाडीची. बरीच पानं कोरी आहेत.