पाच खंडांतील एक वनस्पतिसंग्रह

वाळलेले पान ही तशी क्षुद्र वस्तू. तथापि योग्य नोंदीसह जतन केलेले पान शतकानुशतके शास्त्राचा आधार होऊ शकते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील एक लहानसा संग्रह याची साक्ष देतो.

पाउल हर्मान हे मूळचे जर्मनीतील हाले गावचे वैद्य. सतराव्या शतकात, 1670 च्या दशकात, ते डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत होते. कंपनीचे लक्ष तेथील दालचिनीच्या व्यापारावर होते; हर्मान यांचे लक्ष सर्वच झाडाझुडपांवर. त्यांनी वनस्पती दाबून वाळवल्या, कागदांवर चिकटवल्या आणि स्थानिक सिंहली नावेही नोंदवली. या संग्रहाचे आज पाच खंड आहेत. चार खंडांत वाळवलेले नमुने व पाचव्यात चित्रे आहेत. दालचिनीप्रमाणेच, आपल्याकडे पावसाळ्यात फुलणारी कळलावीही त्यात आढळते.

हर्मान पुढे लायडन विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1695 मध्ये त्यांचे निधन झाले आणि संग्रह जवळजवळ अर्धशतक दृष्टीआड राहिला. 1744 च्या सुमारास कोपनहेगनमधील औषधविक्रेते ऑगस्ट ग्युंथर यांनी तो अभ्यासासाठी स्वीडनच्या कार्ल लिनियस यांच्याकडे पाठवला. लिनियस यांनी सिलोनची भूमी कधी पाहिली नव्हती. या कागदांच्या आधारेच त्यांनी 1747 मध्ये 'फ्लोरा झेलानिका' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात 657 क्रमांकित नोंदी आहेत. वनस्पतींच्या आजच्या द्विपद नामपद्धतीचा आरंभ मानला जाणारा त्यांचा ग्रंथ 1753 चा. त्यातील अनेक नावांमागे हाच संग्रह उभा आहे. एखाद्या नावाविषयी मतभेद झाला, तर अभ्यासक मूळ नमुन्याकडे वळतात. म्हणून या जीर्ण कागदांचे मोल आजही कमी झालेले नाही.

पुढे हा संग्रह डेन्मार्कमधील काउंट मोल्टके यांच्याकडे गेला. 1793 मध्ये सर जोसेफ बँक्स यांनी तो 75 पौंडांस विकत घेतला. बँक्स यांच्या संग्रहाबरोबर 1827 मध्ये तो ब्रिटिश म्युझियमकडे आला. इतक्या हातांतून जाऊनही तो टिकला, कारण प्रत्येकाने त्याचे महत्त्व जाणले.

मात्र या इतिहासाला दुसरी बाजू आहे. ज्या सिंहली लोकांच्या मुखातून ती नावे आली, त्यांची स्वतःची नावे फारशी कोठे उरली नाहीत. ज्ञान गावाचे आणि ठेवा परदेशी, अशी ही स्थिती.

आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अशी नोंदवही कोणाकडून तरी उतरवून घेतलेली यादी असेल, तर ती निरुपयोगी होय. शाळेच्या विद्यार्थ्यांनी टिपकागदात दाबलेली डहाळी, तिचे गावातील नाव, ठिकाण, तारीख, उपयोग आणि माहिती देणाऱ्या आजीचे त्यांच्या संमतीने लिहिलेले नाव, एवढ्या गोष्टी तिला जोडता येतील. मात्र दुर्मिळ वनस्पती मुळासकट उपटू नये आणि नमुन्यांना कसर लागू देऊ नये.

गावची आजी गेली की तिच्याबरोबर कित्येक नावेही जातात. ती कागदावर उतरवण्यास फार खर्च लागत नाही. वेळेवर लक्ष देणारा शिक्षक आणि त्याच्या पाठीशी उभी राहणारी पंचायत मात्र लागते.