डिझेलची वीज, उन्हाची वीज

हैदराबादेतल्या नामपल्लीच्या बाजारात वीज गेली की दुकानांपुढचे जनरेटर धडधडू लागतात. तासाभरापुरते ते परवडते. पण रोज संध्याकाळी अख्खी वाडी त्यावरच उजळायची असेल तर? छोटा जनरेटर लिटरभर डिझेलमध्ये जेमतेम तीन युनिट वीज देतो. लिटरला 95 रुपये धरले, तरी नुसत्या इंधनाचेच युनिटला तीसेक रुपये झाले. आडवाटेच्या गावी डिझेल पोचवण्याचे भाडे वेगळे. चार दिव्यांसाठीच चालवला, तर तो युनिटमागे आणखी पितो!

सौरविजेत बहुतेक पैसा आधीच घालावा लागतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत 2012 साली ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीने सुमारे साडेनऊ किलोवॉटचा सौरप्रकल्प उभारला. 39 घरांना वीज मिळाली. भांडवलाला बॉश कंपनीची मदत होती; देखभालीसाठी गावकरी मीटरप्रमाणे बिल भरू लागले.

ऊन फुकट, बॅटरी नव्हे. साधी शिशाची बॅटरी पाच-सात वर्षांत बदलावी लागते, आणि हिशेबात नेमकी तीच रक्कम विसरली जाते. बिलातून तिची तजवीज पहिल्या महिन्यापासून हवी. जुना जनरेटर मात्र लगेच भंगारात काढू नका. आठवडाभर आभाळ दाटले तर पिठाची गिरणी त्यावरच फिरेल.