मुंबई आणि पुणे : शहराचा स्वभाव कोण घडवतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

मुंबई आणि पुणे यांची तुलना हा मराठी माणसाचा जुना विरंगुळा आहे. मुंबईकर घड्याळाकडे पाहत बोलतो आणि पुणेकर समोरच्याचे व्याकरण तपासत ऐकतो. मुंबईचे दुकान रात्री अकरालाही उघडे, तर पुण्याचे दुपारी एक ते चार बंद. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची जी चेष्टा केली, तिला तर आता म्हणींची प्रतिष्ठा लाभली आहे. विनोद म्हणून याला कोणाचीच हरकत असू नये. परंतु विनोदाचेच समाजशास्त्र होऊ लागले, आणि मुंबईच्या रक्तातच धडाडी आहे व पुण्याच्या पाण्यातच चिकित्सा आहे अशी विधाने गंभीरपणे केली जाऊ लागली, म्हणजे थांबून विचार करावा लागतो. शहराला रक्त नसते. शहरात जमीन असते, त्या जमिनीचा भाव असतो, तेथे मिळणारे काम असते, आणि कामावरून परतल्यावर पाठ टेकण्यासाठी मिळणारी अथवा न मिळणारी जागा असते. शहराचा स्वभाव या गोष्टींतून घडतो. आणि त्या बदलल्या की तोही बदलतो.

साताऱ्याच्या किंवा बीडच्या एखाद्या गावातून एस. टी.ने येणारा तरुण कोणत्या शहरात उतरायचे हे ठरवताना त्या शहराच्या स्वभावाची चौकशी करीत नाही. काम मिळेल काय, खोली परवडेल काय आणि पुढे काही शिकता येईल काय, एवढेच तो विचारतो. कोणत्याही शहराचे आकर्षण या तीन प्रश्नांच्या उत्तरात असते. मुंबई आणि पुणे यांनी ही उत्तरे वेगवेगळ्या प्रकारे दिली, म्हणून ती दोन शहरे वेगळी झाली.

मुंबई बंदरामुळे वाढली आणि गिरण्यांमुळे महानगर झाली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभारली. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाच्या व्यापाराने शहरात पैशाचा पूर आणला. या भांडवलाला माणसे हवी होती, आणि ती कोकणातून, घाटावरून, पुढे उत्तर हिंदुस्थानातूनही आली. त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा गडी, त्यांना जेवू घालणारी खानावळवाली, गावच्या मंडळाचा गाळा आणि दरमहा गावी जाणारी मनिऑर्डर, ही कामगार मुंबईची खरी संस्थाजीवने होत. शेजाऱ्याच्या कामी येणारी, सणाला एकत्र होणारी आणि संपाला एकत्र उभी राहणारी जी मुंबई आपल्याला ठाऊक आहे, ती समुद्राच्या वाऱ्याने तशी झालेली नाही. एका नळावर आणि एका भोंग्यावर जगणाऱ्या लाखो माणसांनी ती तशी केली.

अर्थात या मुंबईचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणाईखात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगार त्याला हरकत घेत. विणाईखात्यातच मजुरी अधिक होती, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे. तथापि याच शहरात परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या चळवळीचा पाया घातला. गावगाड्यात जे अशक्य होते ते येथे कठीण होते, पण शक्य होते. कठीण आणि शक्य यांच्यातील हे अंतर हेच मुंबईचे खरे आकर्षण होते.

पुण्याची जडणघडण निराळी आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि एका राजधानीचा आधार गेला. त्यानंतरचे पुणे उभे राहिले ते लष्करी छावणी, सरकारी कचेऱ्या, पेठांतील किरकोळ व्यापार आणि शिक्षणसंस्था यांच्यावर. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली व १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली, ती कार्यकर्त्यांनी आजही वाचावी. तीत दिसणारे पुणे हे प्रामुख्याने कारखान्यांचे शहर नाही. लहान दुकानदार, कारागीर, कारकून, शिपाई आणि घरकाम करणाऱ्या बाया यांचे ते शहर आहे. अशा शहरात पैसा थोडा असतो, आणि प्रतिष्ठा ज्ञानाच्या व कुळाच्या आधाराने मोजली जाते. पुणेरी चिकित्सेचे आणि पुणेरी ताठ्याचेही मूळ येथे आहे.

परंतु पुणे म्हणजे सदाशिव, नारायण आणि शनिवार एवढेच समजणे हाही त्या ताठ्याचाच एक प्रकार होय. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली ती पुण्यात, आणि तिच्यावर दगड-शेण फेकले गेले तेही पुण्यात. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला तो पुण्यात. ज्या शहरात विद्येची मक्तेदारी सर्वांत घट्ट होती, तेथेच तिला पहिला जोराचा धक्का बसला, यात योगायोग काहीच नाही. पुण्याचे आकर्षण शिक्षण हे खरे. पण ते आकर्षण बहुजनांसाठी खुले झाले ते मक्तेदारांच्या औदार्यामुळे नव्हे, तर फुले दांपत्याने आणि त्यांच्यानंतरच्या अनेकांनी दिलेल्या लढ्यामुळे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या दोन शहरांचा इतिहास परस्परविरोधाचा नाही, देवाणघेवाणीचा आहे. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले. आणि याच लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती या चळवळीमुळे. विचार पुण्याचा आणि त्याला लाभलेला समूह मुंबईचा. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ १९१६ मध्ये पुण्यात काढले. ठाकरसी कुटुंबाच्या देणगीने ते स्थिरावले आणि १९३६ मध्ये त्याचे मुख्यालय मुंबईस गेले. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना १९५६ मध्ये पुण्यात झाली. परंतु त्या लढ्यातील हौतात्म्याची मोठी किंमत मुंबईच्या रस्त्यांवर मोजली गेली.

मात्र देवाणघेवाण नेहमीच समान अटींवर झाली असे नाही, आणि तिच्या अटी नेहमी या दोन शहरांतच ठरल्या. बोरघाटातून १८६३ मध्ये सलग आगगाडी धावू लागली, ती हजारो मजुरांच्या प्राणांचे मोल देऊन. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधली गेली, आणि पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरे त्यात गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह हा केवळ एका धरणाविरुद्धचा लढा नव्हता. शहराच्या उजेडाची किंमत कोण देतो, हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला. आजही दोन शहरांची तुलना करताना त्यांच्यामधला प्रदेश कोणी विचारात घेत नाही.

कष्टकऱ्यांच्या संघटना पाहिल्या म्हणजे दोन्ही शहरांचा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो. मुंबईच्या गिरणीत हजारो माणसे एका मालकाच्या हाताखाली असत. साहजिकच तेथे ‘युनियन’ झाली, मागणीपत्रक आले, संप आला. पुण्याच्या बाजारात एक हमाल दिवसभरात दहा व्यापाऱ्यांचा माल वाहत असे. संप करायचा तर कोणाविरुद्ध? म्हणून तेथे डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत बांधली. पुढे रिक्षा पंचायत आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. मुंबईचा शब्द युनियन आणि पुण्याचा शब्द पंचायत. हा फरक स्वभावाचा नव्हे, उत्पादनपद्धतीचा आहे. पण दोन्ही प्रवाह एकत्र आले तेव्हा काय घडू शकते, हे १९६९ च्या कायद्याने दाखवून दिले. त्याच्या नावातच ‘माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार’ असे शब्द आहेत. कायम मालक नसलेल्या मजुरालाही मंडळामार्फत नियमित मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा मिळू शकते, हे महाराष्ट्राने सिद्ध केले.

अलीकडचे उदाहरण कचऱ्याचे घ्यावे. मुंबईत कचरा वाहणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांनी महापालिकाच आपली खरी मालक आहे असा दावा केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. पुण्यात कचरावेचक बायांनी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला. एकीकडे नोकरीचा हक्क, दुसरीकडे सहकाराचा मार्ग. कोणता श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. पुण्याच्या बायांना मुंबईच्या कामगाराची शाश्वती हवी आहे, आणि मुंबईतल्या असंख्य असंघटितांना पुण्याच्या पंचायतीसारखा आधार हवा आहे.

आता १९८२ या वर्षाकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्या संपातून गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उठलेच नाही. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला होता, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले होते आणि पाठोपाठ मोटारी, स्कूटर व यंत्रे यांचे मोठे कारखाने आले होते. एका शहराचा भोंगा थांबत असताना शेजारच्या शहराचे कारखाने तीन पाळ्यांत चालू होते. १९५१ मध्ये मुंबईची लोकसंख्या पुण्याच्या सुमारे पाचपट होती. २०११ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ४८ लाख, तर बृहन्मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे जेमतेम अडीचपट राहिली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर २००१ ते २०११ या काळात साडेसात टक्क्यांनी घटली. जेथे कामगार राहत होता, तेथे आता त्याला राहणे परवडत नाही, असाच या आकड्याचा अर्थ आहे.

गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले? १९९१ च्या नियमावलीत तिचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक-तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी देण्याची तरतूद होती. २००१ मध्ये तीत बदल करून हा हिशेब केवळ मोकळ्या पडलेल्या जागेपुरता मर्यादित करण्यात आला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्जदार सुमारे दीड लाख. पुढील दहा वर्षांत सोडतीत आलेली घरे वीस हजारांच्या आत. उरलेल्यांना शेलू-वांगणीसारख्या, कर्जतच्या वाटेवरील ठिकाणी घरे देऊ केली गेली. ज्याने लालबाग-परळ घडवले, त्याला घाटाच्या पायथ्याशी नेऊन सोडायचे, असा हा न्याय आहे.

पुण्याने यापासून काही शिकावे अशी अपेक्षा होती. परंतु कमाल नागरी जमीन धारणा कायदा २००७ मध्ये रद्द झाला तो दोन्ही शहरांसाठीच. पुण्याभोवतालची गावे २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आली. त्यांच्या आधी तेथे बिल्डर पोहोचले होते, आणि नळाचे पाणी मात्र मागाहून टँकरने पोहोचले. मुंबईने निदान एक गोष्ट केली होती : लोकल आणि ‘बेस्ट’ यांच्यामुळे कामावर जाण्याचा खर्च समाजाने उचलला होता. पुण्यात हा भार माणसाच्या खिशावर पडला. सायकलींचे शहर दुचाकींचे झाले. नोकरी मिळण्यापूर्वी गाडीचा हप्ता सुरू होतो, अशी त्या शहराची रीत पडली. पुण्यात मेट्रो आली ती २०२२ मध्ये. तोपर्यंत मुंबईतही ‘बेस्ट’च्या मार्गांवर कंत्राटदारांच्या बसगाड्या धावू लागल्या होत्या. चाकणच्या कारखान्यातील कंत्राटी मुलगा, हिंजवडीच्या इमारतीतील सफाई कामगार आणि मुंबईत घरोघरी जेवण पोहोचवणारा तरुण यांच्या जीवनात आज स्वभावाचा कोणता फरक उरला आहे?

म्हणून, मित्रहो, मुंबई मोठी की पुणे, हा प्रश्न बाजूस ठेवावा. दोन्ही शहरांना एकच कसोटी लावावी. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला येथे दहा वर्षांत कायमचे काम, कायदेशीर छप्पर आणि मुलाला चांगली सरकारी शाळा मिळते की नाही? एके काळी मुंबईने पहिल्याचे आणि पुण्याने तिसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे दिले होते. छपराचे उत्तर मात्र कोणत्याच शहराने समाधानकारक दिलेले नाही, आणि आता उरलेली दोन उत्तरेही हातची जाऊ लागली आहेत.

कार्यकर्त्यांसमोरचे काम यातून आपोआप ठरते. माथाडी कायद्याचे तत्त्व आजच्या कंत्राटी आणि फिरत्या कामगाराला लागू करून घेणे. सार्वजनिक जमीन विक्रीसाठी नसून भाड्याच्या स्वस्त घरांसाठी आहे, ही मागणी दोन्ही महापालिकांच्या दारात एकाच वेळी नेणे. आणि पुण्याच्या पंचायतीला व मुंबईच्या युनियनला पुन्हा एका व्यासपीठावर आणणे. लोखंड्यांनी ‘दीनबंधु’ पुण्याहून मुंबईस नेले तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता. आज आहे. त्यावरून मोटारी पुष्कळ जातात. दोन शहरांतील कष्टकऱ्यांचा विचार आणि संघटना यांची ये-जा मात्र पुन्हा सुरू करावी लागेल.