तंबोऱ्याच्या गावात स्वागत



आरोग्य संशोधनात श्रीमंत आणि गरीब देशांची भागीदारी कशी असावी, यावर मिरजेत दोन दिवस खल होणार आहे. स्वागताध्यक्षपद मात्र अशा गृहस्थाकडे आले आहे, ज्यांचा वैद्यकाशी संबंध रक्तदाबाच्या गोळीपुरता. ते गावाबद्दलच जास्त बोलतील, हे पाहुण्यांनी गृहीत धरावे.

कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून मिरजेला आला. डॉ. भडभडे यांनी उपचार केले. दृष्टी पूर्ववत झाली नाही. पण पोराचा गळा हेरून त्याला गाणे शिकवावे, असा सल्ला या डॉक्टरांनीच दिला, असे सांगतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तो शिकला आणि १९०१ साली त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर; ते सर्वांना ठाऊक आहेत. भडभडे मिरजेतही किती जणांना आठवतात?

मिरजेत डॉ. विल्यम वानलेसही आले. मूळचे कॅनडाचे, मिशन अमेरिकेचे. १८९४ साली इथे त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शल्यविद्या साता समुद्रापलीकडची, पण रुग्णाच्या उशाशी रात्र जागवणारी माणसे इथलीच. आज ज्याला भागीदारी म्हणतात ती मिरजेने तेव्हाच सुरू केली, असा स्वागताध्यक्षांचा दावा आहे. तो थोडा ओढूनताणून आहे, हे कबूल.

आता तंबोरा. भोपळा पंढरपूरकडचा, हात सतारमेकर गल्लीतले. कारागीर जवारी काढताना घोडी कानसेने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मैफलीत टाळ्या गवयाला मिळतात. गावोगाव फिरून रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्यांचे आणि शोधनिबंधावरच्या पहिल्या नावाचे नातेही बरेचसे असेच असते.

तसे नसले तर काय होते, ते पुण्यात दिसले. मेंदूज्वराची लस अर्ध्या डॉलरच्या आत हवी, असे आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधीच बजावले होते. तंत्र अमेरिकेच्या एफडीएतल्या शास्त्रज्ञांचे, उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे, आफ्रिकेतल्या पहिल्या चाचण्या माली आणि गांबियातल्या. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोठी मोहीम सुरू झाली. भाव आधी ठरला, तोही ज्यांची माणसे मरत होती त्यांच्या सांगण्यावरून. उलट इंडोनेशियाला २००७ साली बर्ड फ्लूचे नमुने अडवून धरावे लागले. आपल्याच विषाणूवरची लस आपल्याला परवडणार नाही, ही त्यांची तक्रार होती. जागतिक आरोग्य संघटनेत त्यावर तोडगा निघायला २०११ उजाडले.

आता क्षमायाचना. एप्रिल २०१६ मध्ये ज्या मिरजेने रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी धाडले, तिथल्याच निवासव्यवस्थेत काल सकाळी नळ कोरडे होते. डास आहेत. दुभाषे कमी पडले. बिनतिखटाचे जेवण सांगूनही आचाऱ्याचा हात सैल सुटला. या सर्वांबद्दल स्वागत समिती दिलगीर आहे.

मंडपवाल्यांनी निम्म्या दरात मंडप दिला, औषधविक्रेत्यांनी नाश्त्याचा खर्च उचलला, एका आजींनी नाव न सांगण्याच्या अटीवर अकराशे रुपये दिले, स्टेशनवरच्या हमालांनी सामानाची मजुरी नाकारली. समिती सर्वांची ऋणी आहे.

उद्या सायंकाळी पाच वाजता सतारमेकर गल्लीकडे बस निघेल. पाहुण्यांनी छायाचित्र घेण्याआधी कारागिराला विचारावे आणि त्याचे नाव लिहून घ्यावे, ही विनंती.