गिरणीनंतरचे शहर कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



गिरणी बंद पडली की शहर मरते, असे आपण म्हणत आलो आहोत. वस्तुतः शहर बहुधा पुन्हा उभे राहते. ते कोणासाठी उभे राहते, हा खरा प्रश्न. अमेरिकेच्या दक्षिणेतील कॅनापोलिसचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

उत्तर कॅरोलायना राज्यातील हे गाव टॉवेल विणणाऱ्या जेम्स कॅनन या गिरणीमालकाने विसाव्या शतकाच्या आरंभी वसवले. घरे गिरणीची, बाजारपेठही गिरणीची. १९८४ पर्यंत तेथे नगरपालिकाच नव्हती. मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले त्याच १९८२ साली डेव्हिड मरडॉक या भांडवलदाराने ही गिरणी विकत घेतली. काही वर्षांतच त्याने ती विकली. गावातील मोक्याची मालमत्ता मात्र हातची सोडली नाही. पेन्शन निधीतील शिल्लक काढून घेऊन पेन्शनची जबाबदारी एका विमा कंपनीवर टाकण्यात आली. १९९१ मध्ये ती कंपनी बुडाली आणि निवृत्त कामगारांच्या पेन्शनला कात्री लागली.

अनेक पराभव पचवून कामगारांनी १९९९ मध्ये युनियनच्या बाजूने कौल दिला. पण तोवर गिरणी पिलोटेक्स कंपनीच्या हाती गेली होती. कर्ज काढून केलेल्या खरेदीचा बोजा आणि स्वस्त आयात या दुहेरी ओझ्याखाली ही कंपनी ३० जुलै २००३ रोजी बंद पडली. ठिकठिकाणचे मिळून सुमारे ६,४५० कामगार बेकार झाले. त्यांतील चार हजारांहून अधिक एकट्या कॅनापोलिस परिसरातील होते.

पुढे काय झाले? २००४ मध्ये मरडॉकनेच गिरणीची जागा लिलावात घेतली. गिरणी जमीनदोस्त झाली आणि तिच्या जागी विद्यापीठांच्या साहाय्याने जैवसंशोधनाचे संकुल उभे राहिले. हजारो नोकऱ्यांचे आश्वासन देण्यात आले. त्या मानाने प्रत्यक्षात फार थोड्या निर्माण झाल्या. शिवाय ज्यांचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते, त्या विणकरांना प्रयोगशाळेची दारे कशी उघडणार? स्थानिक महाविद्यालयाने पुनर्शिक्षणाचे मोठे काम केले, हे मान्य केले पाहिजे. तरीही अनेकांच्या वाट्याला कमी वेतनाची सेवाक्षेत्रातील कामेच आली.

२०१५ मध्ये मात्र नगरपालिकेने गावाचा मध्यभाग स्वतः विकत घेतला. तेथे बेसबॉलचे मैदान झाले, नवी घरे आली. शार्लट शहरात नोकरी करणारी कुटुंबे येथे राहू लागली. गाव सावरले, यात शंका नाही. पण ही समृद्धी प्रामुख्याने नव्याने आलेल्यांची आहे.

मुंबईच्या गिरणगावाने हेच अनुभवले. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी व सार्वजनिक गृहनिर्माणासाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा केवळ मोकळ्या भूखंडापुरता आक्रसला.

म्हणून केवळ नुकसानभरपाईची मागणी अपुरी आहे. पेन्शनच्या निधीवर कामगारांचे नियंत्रण, जमिनीवर लोकनियुक्त संस्थेचा पहिला हक्क, आणि गिरणी चालू असतानाच शिक्षणाची सोय, या तीन मागण्या टाळे लागण्यापूर्वीच केल्या पाहिजेत. टाळे लागल्यावर वाटाघाटीसाठी आपल्या हाती काहीच उरत नाही.